धुतलेला स्पंज

नोलीन प्रिडमचा राग माहीत नाही असा माणूस वॅरंगी गावात सापडला, तर तो कालच्या बसने आलेला असेल किंवा ठार बहिरा असेल. शाळेच्या कॅन्टीनमध्ये तिने एकतीस वर्षं सॉसेज रोल विकले. रांगेत मध्येच घुसणाऱ्याच्या हातावर ती चिमट्याचा फटका द्यायची. तो फटका खाल्लेली पोरं आता स्वतः बाप झाली आहेत, तरी दुकानात ती समोर आली की त्यांचे हात आपोआप खिशात जातात. लग्न तिने केलं नाही. "विचारायला दोघे आले होते," ती सांगायची, "दोघांनाही वाक्य पुरं करता येईना."

अशा बाईने जीव लावला तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंना.

झालं असं, की शाळेत एका वर्गात माशांची टाकी होती. वर्गाच्या बाई दर शुक्रवारी ती घासून लख्ख करायच्या आणि सोमवारी एक मासा उलटा तरंगायचा. शेवटी टाकी भंगारात निघाली, तेव्हा नोलीनने ती बागेतल्या ढकलगाडीत घालून घरी आणली. पुस्तकं वाचली, आणि तिला कळलं की ते मासे घाणीने मरत नव्हते, स्वच्छतेने मरत होते. मासे जे काही सोडतात त्यातून पाण्यात अमोनिया उतरतो. ते विष. एका जातीचे जंतू ते खाऊन त्याचं दुसरं विष करतात, आणि दुसऱ्या जातीचे ते दुसरं खाऊन त्याचं साधं खत करून टाकतात. फिल्टरच्या स्पंजवर जो तपकिरी, बुळबुळीत थर बसतो, ती या सगळ्यांची वस्ती. नोलीन त्यांना 'माझी कामकरी माणसं' म्हणायची. वस्ती उभी करायला तिने बिनमाशांच्या टाकीत एक सोललेली कोलंबी टाकली आणि सहा आठवडे ती सडू दिली. बाई कामातून गेली, असं गावाने ठरवून टाकलं.

शेजारच्या क्लॅरी डूलीने तर तिला नावच पाडलं, शेवाळराणी. क्लॅरी जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरत फिरला. त्यात कंबर गेली आणि मागून मूत्रपिंडंही गेली. त्याच्या मागच्या पडवीत डायलिसिसचं यंत्र होतं, नळाला जोडलेलं. दिवसाआड दुपारी तो स्वतःला त्याला जोडून घ्यायचा आणि रेडिओवर क्रिकेट ऐकत पडायचा.

"शेवाळराणी, कोलंबी मुरली का?" तो कुंपणावरून विचारायचा.

"तुझ्या जिभेपेक्षा कमीच सडलीय," ती म्हणायची, आणि चहा घेऊन पलीकडे जायची. कुंपणाची एक फळी त्यासाठी मुद्दाम काढून ठेवलेली होती.

मग सहा वर्षांपूर्वी नोलीनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे ती ब्रिस्बेनला होती आणि मासे क्लॅरीकडे. त्याने खायला अगदी सांगितलं तेवढंच घातलं. पण ती यायच्या आदल्या दिवशी त्याला वाटलं, बिचारी एवढी कापाकापी करून येतेय, काहीतरी छान करून ठेवावं. त्याने फिल्टरचा स्पंज काढला आणि नळाखाली धरून, ब्रशने घासून पांढरा केला. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, आणि ते जंतू मारायलाच घातलेलं असतं.

"बघ, नव्यासारखा केलाय!" ती वॉकर टेकत दारात आली तेव्हा तो म्हणाला.

पाच दिवसांत अकराच्या अकरा मासे मेले.

"अरे गाढवा, तू घर नाही झाडलंस, गाव जाळलंस!"

"मासेच तर होते, नोलीन. दुसरे आणून देतो."

त्या 'दुसरे आणून देतो'ने सगळं संपलं. फळी तिने त्याच दिवशी वॉकरवर वाकून ठोकून टाकली. तिच्या झाडाची लिंबं त्याला बंद झाली, खाली पडून सडली तरी चालतील. आणि पोस्ट. तिचं घर चौदा नंबर, त्याचं चौदा-अ, वाट एकच. दर गुरुवारचा बदली पोस्टमन दोघांचंही पोस्ट एकाच पेटीत कोंबायचा. पूर्वी ती त्याची पत्रं त्याच्या फाटकाला अडकवायची. आता ती पत्रं न बघताच धुण्याच्या खोलीत आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जाऊ लागली. "हवी असतील तर येईल मागायला," ती म्हणाली. तो आला नाही. त्याची महत्त्वाची कामं फोनवर व्हायची.

नोलीनने पुन्हा कोलंबी सडवली, पुन्हा सहा आठवडे थांबली. नळाचं पाणी टाकीत थेट घालणं तिने सोडलं. व्हरांड्यात चार बादल्या भरून एक दिवस, एक रात्र उघड्या ठेवायच्या. क्लोरिन उडून जातं, मग ते पाणी टाकीला. स्पंज धुवायचा नाहीच, फक्त टाकीतल्याच जुन्या पाण्यात हलका पिळायचा, तोही एका वेळी अर्धा. सहा वर्षांत एक मासा दगावला नाही. बाटलीतलं औषध घालून पाणी सुधारणाऱ्या लोकांना ती आळशी म्हणायची.

आणि या जानेवारीत, त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हात, पाणी बदलल्याच्या दुसऱ्या सकाळी तिचे चोवीस मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तिने परीक्षानळीत पाण्यातला अमोनिया तपासला. पिवळं दिसायचं ते हिरवं दिसलं. तिने आणखी पाणी बदललं, त्याच बादल्यांतलं. हिरवा रंग आणखी गडद झाला. तिने स्पंज नाकाशी धरला. त्याला नेहमी ओल्या मातीचा वास यायचा, आता कुबट येत होता. आठव्या दिवशी एकोणीस मासे वर्तमानपत्रात गुंडाळून तिने लिंबोणीखाली पुरले. उठली तेव्हा समोर व्हरांड्यातल्या बादल्या दिसल्या, आणि बादल्यांपलीकडे क्लॅरीचं कुंपण.

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"काय ओतलंस माझ्या बादल्यांत? बोल! एकदा मारून पोट भरलं नाही का तुझं?"

क्लॅरी पायरीवर बसला होता. चेहरा राखेसारखा. "नोलीन, मला दारापर्यंत जाताना धाप लागतेय गं," तो म्हणाला. "दोन आठवडे झाले. ऊन बाधलंय बहुतेक. तुझ्या बादल्यांपर्यंत कोण येतंय?"

तो शेवाळराणी म्हणाला नाही. उलटून एक टोमणाही नाही. नोलीन आत आली ती जास्तच धुमसत, कारण समोरचा ओरडला नाही की तिला भांडण अर्धपोटी राहिल्यासारखं वाटायचं. रागारागाने तिने परीक्षानळी सरळ नळाखाली धरली.

हिरवं.

तिने गावाला पाणी पुरवणाऱ्या कौन्सिलला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"हो मॅडम, पाणी बदललंय, तीन तारखेपासून. एवढ्या लांबच्या तापलेल्या पाइपात क्लोरिन टिकत नाही ना, म्हणून आता क्लोरामिन घालतात, क्लोरिन आणि अमोनिया मिळून होतं ते. ते टिकतं."

"टिकतं म्हणजे? बादलीत ठेवलं तर उडत नाही?"

"नाही, तेच तर त्याचं चांगलं आहे!"

"माझे एकोणीस जीव गेले, बाई, आणि तू मला चांगलं काय सांगतेस?"

"पिण्यासाठी पूर्ण सुरक्षित आहे, मॅडम. वेबसाइटवर सूचनाही आहे. वाचून दाखवते. 'मासे पाळणाऱ्यांनी, तसेच घरी डायलिसिस घेणाऱ्यांनी...'"

फोन टेबलावर पडून बोलत राहिला. नोलीन नव्या खुब्यावर धावत सुटली. ठोकलेल्या फळीला शिव्या घालत ती फाटकाकडून वळसा घालून गेली आणि क्लॅरीच्या पडवीचं दार तिने ढकललं. तो सुई हातात घेऊन बसला होता.

"ठेव ती खाली!"

"मासे संपले, आता माझ्यामागे लागलीस का?"

"पाणी तपासलंस? क्लोरिनची पट्टी बुडवून बघायची असते ना तुला?"

"रोज बघायची असते. वर्षानुवर्षं एकदाही रंग बदलला नाही तिचा, मग बंद केलं."

ती पट्ट्यांची बाटली कपाटावर धूळ खात होती. नोलीनने झाकण उघडलं आणि यंत्राच्या गाळणीतून आलेल्या पाण्यात पट्टी बुडवली. दोघं बघत राहिले. पट्टीचा रंग बदलला. क्लॅरीने सुई हळूच ट्रेमध्ये ठेवली.

शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या पाण्याने याचं रक्त आतल्या आत फुटत होतं, निम्मं उरलंय. आणखी दोन-तीन खेपा झाल्या असत्या, तर हा परत आला नसता.

पुढचे तीन आठवडे नोलीनने कौन्सिलला सुखाने झोपू दिलं नाही. रेडिओवर बोलली. दुकानात, चर्चच्या दारात, पेट्रोल पंपावर भेटेल त्याला धरून सुनावलं. "माणूस मरत होता, आणि यांना दोन ओळींची चिठ्ठी पाठवता आली नाही!" क्लॅरी परत आला, नव्या मोठ्या गाळण्या बसल्या, आणि सहा वर्षांनी तो तिच्या व्हरांड्यात चहाला बसला. फळी त्यानेच काढली. "शेवाळराणीने वाचवलं मला," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि ती "गप रे" म्हणून त्याच्यापुढे बिस्किटं सरकवायची.

शेवटी गावच्या हॉलमध्ये सभा भरली. पाणीखात्याचा साहेब कागद घेऊन उभा राहिला. "ज्यांच्याकडे डायलिसिस आहे अशा प्रत्येकाला पत्र गेलं होतं. एकोणतीस डिसेंबरला. चौदा-अ, टॅलो स्ट्रीट, श्री. डूली."

"खोटारडा!" नोलीन उभी राहिली. "लाज वाटत नाही? कागद काल रात्री छापलास ना?"

टाळ्यांनी हॉल दणाणला. मग क्लॅरी उठला. "मला काही मिळालं नाही," तो एवढंच म्हणाला, आणि सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसला. साहेब घाम पुसत खाली बसला.

नोलीन ताठ मानेने घरी निघाली. फाटकाशी आल्यावर पत्रपेटीवरचा चौदा आकडा तिला दिसला, आणि ती तिथेच थांबली.

धुण्याच्या खोलीतल्या आइस्क्रीमच्या डब्यात वरच जाहिरातींचे कागद होते. त्याखाली निळं पाकीट, त्यावर लाल अक्षरांत 'तातडीचे'. उघडावं लागलंच नाही. कौन्सिलचा शिक्का आणि टपालाची तारीख बाहेरच होती.

"फोन करायला काय हात मोडले होते?" ती मोठ्याने म्हणाली. "एवढी जिवाची गोष्ट, आणि पत्रावर भागवतात? आणि तो बदली पोस्टमन, आंधळा मेला!" सगळं खरं होतं. धुण्याच्या खोलीत ते ऐकायला कुणी नव्हतं. उद्या कचऱ्याची गाडी येणार होती, पाकीट तीत गेलं असतं तर जन्मात कुणाला कळलं नसतं. कधी नव्हे ते तिला स्वतःची चीड आली, आणि ओरडून ती कमी होईना.

काढलेल्या फळीतून ती डबा घेऊन पलीकडे गेली. क्लॅरी स्वयंपाकघरात पाव कापत होता. तिने डबा टेबलावर ठेवला. त्याने निळं पाकीट फोडलं, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. मग डब्यातली बाकीची पाकिटं एकेक उलटून बघितली. काहींवरची तारीख पाच-पाच वर्षं जुनी होती.

"ओरड ना," नोलीन म्हणाली. "काय तोंडाला येईल ते बोल. मी ऐकून घेते."

"तुझे मासे माझ्या हातून मेले, तेव्हा मी काय करतोय ते मला माहीत नव्हतं, नोलीन," तो म्हणाला.

मग त्याने डब्याचं झाकण लावलं आणि राहिलेला पाव कापायला घेतला. तिला 'बस' म्हणाला नाही.