फोनच्या पलीकडचा माणूस

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात चाचणीच्या उत्तरपत्रिका वाटत होते. ती शाळेच्या वेळात कधी फोन करत नाही, म्हणून व्हरांड्यात येऊन उचलला. "ताई, बाबा गेले," ती म्हणाली. सकाळी चहा घेतला, वर्तमानपत्र मागितलं आणि ती ते घेऊन येईपर्यंत खुर्चीतच मान कलली होती. मी 'येते' एवढंच म्हणाले आणि वर्गात जाऊन उरलेल्या उत्तरपत्रिका वाटून टाकल्या. आता दीड महिना होत आला. तेव्हा लिहायला बसले असते तर नुसतं रडगाणं झालं असतं, आणि ते मामांना आवडलं नसतं.

मामा म्हणजे प्रज्ञाचे वडील, लिंबाजी गार्ड. पूर्णेत त्यांना आडनावानं कोणी ओळखत नसे. पस्तीस वर्षं रेल्वेत काढली, बहुतेक मालगाडीच्या शेवटच्या डब्यात. माझे सासरे आणि ते एका वेळचे नोकरीवाले, त्यामुळे लग्न होऊन मी रेल्वे क्वार्टरमध्ये आले ती त्यांना मामा म्हणतच. गार्डाच्या डब्यात एकट्यानं इतकी वर्षं काढलेला माणूस अबोल असेल असं वाटायचं. पण ते म्हणायचे, "तिथं बोलायला कोणी नव्हतं, म्हणून तर आता बोलायलोय." मामी लवकर गेल्या. प्रज्ञा नांदेडला नर्स झाली, सुट्टी मिळाली की पूर्णेला यायची. रिटायर झाल्यावर मामांनी एक प्रोजेक्टर घेतला आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी समाजमंदिरात सिनेमा दाखवायला सुरुवात केली. खिडक्यांना मंडपवाल्याकडची जाड कापडं लावायची, बायकांसाठी सतरंज्या, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. तिकीट नाही. अट एकच, सिनेमा संपल्यावर अर्धा तास थांबायचं आणि काय वाटलं ते बोलायचं. सुरुवातीला लोक लाजायचे, "चांगला होता" म्हणून चपला शोधायचे. वर्षभरात मात्र अशी सवय लागली की कधी कधी सिनेमापेक्षा त्यावरचं भांडण जास्त रंगे.

काही वर्षांपूर्वीच्या ज्या रविवाराबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी एक हिंदी सिनेमा होता. एक साधा कारकून मोठ्या शहरात नसलेल्या वसाहतींमधले प्लॉट फोनवरून विकायला लागतो आणि बघता बघता कोट्यधीश होतो. मग गाड्या, गच्चीवरच्या पार्ट्या, पोहण्याच्या तलावात उधळलेल्या नोटा. शेवटी अटक होते, सुटूनही येतो, पण हे सगळं तीन तासांतल्या शेवटच्या दहा मिनिटांत. समाजमंदिर भरलं होतं. पोरं दाराशी उभी होती.

माझ्याबरोबर सरजाकाकू होती. माझं माहेर पेडगावचं. काकू माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. दिवाळीनंतर ती आणि काका ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परततात. डोळे दाखवायला ती माझ्याकडे आली होती. आणि इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा पूर्णेत बऱ्याच जणांना माहीत होती आणि ज्याचा मला अभिमान होता. शाळेतला माझा पगार तुटपुंजा होता, म्हणून वर्षभरापासून मी एका स्कीमचं काम करत होते. तीन वर्षांत रक्कम दुप्पट. मानवतचे एक साहेब मीटिंग घ्यायचे, आम्हाला हार घालायचे, गोव्याच्या सहलीचे फोटो दाखवायचे. मी ओळखीच्या लोकांना सभासद केलं होतं. मामांनाही विचारलं होतं. "मला दुप्पट नको बाई, हाय तेवढं पुरतं," म्हणून त्यांनी विषय संपवला होता. काकूनं मात्र दोन हंगामांची शिल्लक माझ्या हातात ठेवली होती. पावतीसुद्धा मागितली नव्हती, मीच दिली.

सिनेमात एक प्रसंग आहे. तो माणूस एका रिटायर मास्तरला फोनवर गोड बोलून सगळी पुंजी प्लॉटमध्ये घालायला लावतो. भोवतीचे सोबती तोंडावर हात धरून हसू दाबत असतात. मास्तर फक्त आवाजात आहे, दिसत नाही. "बेटा, तुमच्यावर विश्वास आहे," असं म्हणतो. फोन ठेवल्यावर हे सगळे टेबलावर चढून नाचतात. समाजमंदिरात हास्याचा स्फोट झाला, शिट्ट्या पडल्या. काकू माझ्या कानाशी आली. "कामून हसायलेत गं सगळे?" मी "असंच" म्हणाले.

संपल्यावर बोलणं सुरू झालं. मोबाइलच्या दुकानातला एक पोरगा म्हणाला, "मामा, माणूस लय भारी. एक दिवस का होईना असं जगायला पायजे."

"जेलात गेला की शेवटी," कोणीतरी म्हणालं.

"गेला अन् वापस बी आला. आपण न जाता काय मोठं करायलोत?"

पुन्हा हशा. एका रिटायर ड्रायव्हरांनी असले सिनेमे दाखवून तुम्ही पोरं बिघडवता म्हणून मामांनाच फैलावर घेतलं. बायकांपैकी एकीनं पार्टीतल्या कपड्यांबद्दल नापसंती दाखवली, दुसरीनं घर किती सुंदर होतं ते सांगितलं. मामा सगळ्यांचं ऐकत होते. मग काकूनं पदर सावरून हात वर केला. चारचौघांत बोललेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"त्या फोनवरच्या मास्तरचं काय झालं पुढं?" ती म्हणाली. "त्याला दाखवलंच न्हाई."

दाराशी उभी पोरं हसली. मामा हसले नाहीत. "बराबर विचारलं बाई," ते म्हणाले. "मला बी माहीत न्हाई. सिनेमा करणाऱ्याला बी माहीत नसंल." मी काकूचा हात धरून घाईनं बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा क्वार्टरवर आले. काकू सकाळच्या गाडीनं गेली होती. पाणी प्यायले, प्रज्ञाची खुशाली सांगितली आणि म्हणाले, "सुनंदा, काल त्या फोनच्या वेळी सगळे हसले. तू हसली न्हाईस."

"काकू शेजारी होती म्हणून."

"काकूनं पैसे घातलेत का तुझ्याकडं?"

मी होकाराची मान हलवली.

"कुठं जातात ते पैसे?"

"मला नाही माहीत, मामा."

"मग लोकांना काय सांगतेस?"

"मला जे सांगितलं ते..." वर्षभरात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मी तो मानवतच्या साहेबांना कधी विचारला नव्हता. मामांनी ना भाषण दिलं ना ते रागावले. मीच म्हणाले, सगळ्यांकडे जाते, असेल ते खरं सांगते. तुम्ही सोबत चला. ते नाही म्हणाले. "मी आलो तर लोक माझ्याकडं बघून बोलतील. तुला काय बोलायचं ते राहून जाईल. एकटी जा."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे कबूल करते.

पुढचे तीन आठवडे मी शाळा सुटल्यावर आणि रविवारी घरोघर फिरले. म्हणायचे, पैसे कुठे गुंतवतात ते मला ठाऊक नाही, ठाऊक नसताना मी तुम्हाला भरवसा दिला, अजून देतायत तोवर काढून घ्या. काहींनी ऐकलं, त्यांच्याबरोबर मी स्कीमच्या परभणीच्या ऑफिसात गेले. दोघींनी तोंडावर दार लावलं. एकानं मला दुसऱ्या कंपनीनं फोडलं असं ठरवलं. मानवतच्या साहेबांचा फोन आला आणि जे ऐकून घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पेडगावला मी सगळ्यात शेवटी गेले. जवळच्या माणसापुढे उभं राहणं जास्त अवघड असतं. काका ओसरीवर बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काका मधे एक शब्द बोलले नाहीत. काकूनं फक्त विचारलं, "जेवून जातीस ना?" पैसे परत मागायचा त्यांचा अर्ज भरला, पण नंबर लागायच्या आधीच एका सोमवारी ऑफिसला कुलूप दिसलं. काका-काकूंचे पैसे बुडाले. माझ्या हाती कमिशनचं जे आलं होतं ते मी त्यांना दिलं, पण त्यानं भरपाई झाली नाही. त्या वर्षी ती दोघं आणखी एक महिना जास्त तोडीला राहिली.

या विषयावर मामा पुन्हा कधी बोलले नाहीत. सिनेमे चालू राहिले, मी जात राहिले. शेवटची भेट त्यांच्या जाण्याच्या चार दिवस आधीची, बाजारात. मेथीची जुडी हातात घेऊन ते भाव करत होते आणि मला म्हणाले, "ही बघ, निम्मी माती हाय." एवढंच. शेवटचं म्हणून सांगण्यासारखं त्यात काही नाही.

अंत्यसंस्कारानंतरच्या रविवारी त्यांच्या घरी बुद्धवंदना झाली. पुढच्या खोलीत माणसं मावत नव्हती. पेडगावहून काका-काकू आले होते, याचं मला नवल वाटलं, कारण मामांची ओळख फक्त काकूशी, तीही त्या सिनेमापुरती. पांगापांग झाल्यावर प्रज्ञानं काकांना विचारलं, तुम्ही बाबांना कसे ओळखता?

"आमच्याकडं आले होते की," काका म्हणाले. "पॅसेंजरनं आले, स्टेशनापासून उन्हात चालत. म्हणले, तुमची लेक यायलीय. चूक तिची हाय, तिलाच सांगू द्या. तुमी फकस्त मधी बोलू नका. बोलली न्हाई तर जन्मभर तिच्या मनात राहील."

"अन् मला म्हणले," काकू म्हणाली, "जेवल्याबिगर पाठवू नका."

प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. मला एवढी वर्षं वाटत होतं की पेडगावला मी एकटी गेले होते. खोलीत पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्च्या तशाच पडल्या होत्या. मी उठले आणि त्या एकात एक घालून भिंतीशी लावायला लागले. काकू पदर खोचून माझ्या मदतीला आली.