हंबीररावाच्या ताटावर ज्ञानूआबा

खासबागेत कुस्तीचं मैदान बांधत होते, त्या दिवसांतली गोष्ट. मंगळवार पेठेत ज्ञानूआबा नावाचा म्हातारा राहायचा, आणि त्याचा हुद्दा काय म्हणाल तर पितर! हसू नका. पितृपंधरवड्यात ज्याच्या घरी म्हाळ, म्हणजे पितरांचं जेवण असेल, त्याला मेलेल्याच्या नावानं एक जितं माणूस ताटावर बसवावं लागतं, आणि त्यानं मन भरून जेवावं लागतं. जेवण होईतोवर त्याला मेलेल्याच्याच नावानं हाक मारायची, ही पेठेची रीत. ज्ञानूआबाचा ढेकर ऐकला की घरच्यांना वाटायचं, सुटला आपला म्हातारा एकदाचा.

पण त्या साली मुंग्यांनी घात केला. आबा परसात लघवीला जाऊन आला की त्या जागी मुंग्यांची रांग. बायको बनाबाई त्याला ओढतच इलाही हकिमाकडं घेऊन गेली.

"मधुमेह हाय," हकीम म्हणाला. "गूळ, साखर, खीर बंद."

एवढं ऐकून बनाबाई उठलीच. हकीम मागनं ओरडतोय, "अवो बाई, भाकरी, डाळ, भाजी, ताक पोटभर द्या! म्हातारं शरीर हाय, उपाशी ठेवू नका!" पण बनाबाईच्या कानात 'बंद' जाऊन बसलं होतं, तिथं दुसऱ्या शब्दाला जागाच नव्हती.

"गोड येतंय कुठनं? खाण्यातनं. मग खाणंच न्हाय तर गोड कुठलं?" असा तिचा न्याय. सकाळी कारल्याचा रस, दुपारी पातळ पेज, रात्री मेथीचं पाणी. आबाचं धोतर कमरेला टिकेना. तो चिडला, रडला, एकदा तर शेजारच्या म्हशीच्या आंबोणाकडं आशेनं बघून आला. बाईनं वर शपथ घातली, "खीर तोंडात घातलीसा तर माझं मेलेलं तोंड बघशीला!"

आबाची सगळी भिस्त पंधरवड्यावर. दुसऱ्याच्या नावानं का होईना, पोटात काही पडेल.

पहिलं बोलावणं बायडाबाईचं आलं. तिचा नवरा हंबीरराव ह्याच रोगानं गेलेला. कुणाकुणाचं ऐकून तिनं त्याचं सगळं अन्न तोडलं होतं, आणि तो 'खीर, खीर' करतच गेला. तेव्हापासून एकाही म्हाळाला कावळा पानाला शिवला नव्हता. "आबा, आवंदा त्यास्नी खीर पोचलीच पायजे," असं ती डोळ्यांत पाणी आणून सांगून गेली होती. आणि बनाबाई? ती शपथेवर पहारा द्यायला नवऱ्याबरोबर आली होती.

ताट वाढलं. बायडाबाईनं खिरीचा वाडगा पुढं सरकवला. "अहो, खावा."

समोर खीर, दारात बनाबाई. आबाची ततपप झाली. शेवटी घसा खाकरून तो हंबीररावाच्या तोऱ्यात म्हणाला, "खीर नगं. मला गोड बंद हाय."

हंबीररावाचा थोरला लेक कृष्णात आ वासून म्हणाला, "आप्पा, वर बी?"

"वर तर लईच कडक!"

"मग खातासा काय?"

आबाला हकिमाचं ओरडणं आठवलं. "नाचणीची भाकरी. डाळ. भाजी. ताक. आन् पोटभर!"

सून चुलीकडं पळाली. शेजारणी सरसावल्या. एकीनं विचारलं, माझ्या सासूला वर तपकीर मिळतीया का? दुसरीला वरच्या मुंग्यांची काळजी. "तपकीर मिळतीया, मुंग्या न्हाईत," असं सांगत आबानं गरम भाकरी मोडली.

तेवढ्यात बायडाबाई ताटासमोर बसली. "अहो, मग मी खीर दिली न्हाय, त्ये बरं केलं का?"

आबाचा घास हातातच राहिला. गोड बोलून वेळ मारून न्यायला तो तयार होता की! पण नाकात भाकरीचा वास, पोटात आग. तोंडातनं खरंच निघालं.

"खीर दिली न्हाईस, बरं केलंस. पर भाकरी का तोडलीस गं? भूक लागली हुती मला. रोगापरास भुकेनंच जीव जातोय."

हे हंबीरराव बोलला की ज्ञानू, त्याचं त्यालाच कळेना. विधवा बाईला असं बोलावं? त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायडाबाई पदर तोंडाला लावून हमसून रडली. "मला ठावं हुतं. समदी म्हणायची, तुजा काय दोष न्हाय. खरं कुणीच बोलत न्हवतं." मग तिनं डोळे पुसले, सुनेच्या हातातनं टोपली ओढली आणि वाढत सुटली. "खावा. आता पोट भरस्तवर खावा."

आबा खात राहिला. दारात बनाबाईनं तोंड फिरवलं होतं. बाहेर कौलांवर ठेवलेल्या पानावरच्या खिरीवर कावळा तुटून पडला. त्याला कुणी हकिमाकडं नेलं नव्हतं.

परतताना बनाबाई पेठेच्या कोपऱ्यावर एकदम थांबली आणि तिनं नाक ओढलं.

"उद्या भाकऱ्या किती थापू?"

"कुणासाठी?" आबानं भीत भीत विचारलं. "हंबीररावासाठी?"

"त्यो मेला!" बनाबाई भर रस्त्यात ओरडली. "तुमी जिते हायसा न्हवं? सांगा की, किती?"