शहागडच्या हायवेवर, दिगूच्या दुकानात

सहा राज्यांत, आठ क्लबांकडून मी फॉरवर्ड म्हणून खेळलो. कुठल्या मैदानाबाहेर काय चांगलं मिळतं, हे तुम्ही या ब्लॉगवर वाचत आला आहात. मडगावचं रस-ऑम्लेट झालं, कोलकात्याची घुगनी झाली, शिलाँगचा जादोहसुद्धा झाला. माझ्या स्वतःच्या जालना जिल्ह्यावर मात्र एक ओळ नाही. विसरलो नव्हतो, टाळत होतो. या मोसमात एकाही क्लबानं करार केला नाही आणि टाळायला कारणही उरलं नाही.

सकाळी रेल्वेनं जालन्यात उतरलो. स्टेशनबाहेर गरम भजी खा, पण ऑटोत बसण्याआधी भाडं ठरवा. मी न ठरवता बसलो आणि बस स्टँडपर्यंतच शंभर रुपये गेले. तिथून अंबडमार्गे शहागडची एसटी धरायची आणि उजवीकडची खिडकी घ्यायची, डावीकडे ऊन येतं. दोन्ही बाजूंना कपाशी. कपाशी दिसली की मला गोलपोस्ट आठवतात.

आमच्या गावात फुटबॉल खेळणारे दोघंच, मी आणि दिगू. कापूस वेचून झाला की रिकाम्या शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, दोन मोळ्या उभ्या करायच्या, झाला गोल. आडवा खांब कुठून आणणार? दिगू गोलकीपर, त्याचा वर केलेला हात हीच उंची. चेंडू हाताच्या वरून गेला तर बाहेर, खालून गेला तर गोल, आणि निकाल त्यानंच द्यायचा. स्वतःवर झालेला गोल त्यानं एकदाही नाकारला नाही. पुढे मोठमोठ्या स्टेडियममध्ये मी चेंडू त्या हाताखालीच ठेवत आलो. माझे निम्मे गोल त्या सवयीचे आहेत.

पुण्याच्या निवड चाचणीला आम्ही दोघं जाणार होतो. आदल्या दिवशी माझ्याच फटक्यानं त्याची करंगळी मोडली, म्हणून मी एकटा गेलो. कोच म्हणाले, "बोट बरं झालं की त्यालाही घेऊन ये. वसतिगृहात जागा एकच आहे, दोघांतून एक निवडू." मी म्हणालो, तो आता खेळत नाही. गावी येऊन दिगूला सांगितलं, त्यांना गोलकीपर नकोच आहे. जागा मला मिळाली.

दिगूचं पंक्चरचं दुकान हायवेलगत, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे आहे. मला बघून तो उठला.

"कवा आलास? जेवला का?"

शेजारच्या ढाब्यावर शेवभाजी आणि भाकरी, दोघांचं तीनशेत भागतं. ठेचा मागून घ्या. दिगूनं भाकरी मोडली तेव्हा त्याची वाकडी करंगळी बाजूलाच राहिली.

"तुझ्या मॅची मोबाइलवर बघून राह्यलो," तो म्हणाला. "ब्लॉगबी वाचतो. शेतात एकट्यानं सराव केला म्हणून लिव्हलंस त्यात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बघत सगळं सांगून टाकलं. कोच काय म्हणाले होते, मी काय म्हणालो, आणि त्याला येऊन काय सांगितलं.

तेवढ्यात एक ट्रक थांबला. दिगूनं जाऊन चाक उतरवलं, पंक्चर काढलं, चाक बसवलं. अर्धा तास मी ताटासमोर बसून होतो. मग तो हात पुसत आला.

"मला वाटलं, मीच बराबर न्हवतो," तो म्हणाला. "मंग चेंडूला हातच लावला न्हाई."

"दिगू, माफ कर."

"तवा गोल झाला का न्हाई ते मी सांगत व्हतो. आता तुझं तू सांग."

ढाब्याचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत. एसटी आली तेव्हा तो दुसऱ्या चाकाचं पंक्चर काढायला बसला होता.

परत गोव्यात, आता राहतो त्या घरी आलो. या प्रवासाचा खर्च फारसा नाही, दोन दिवस पुरतात. पण खरं सांगायचं तर शहागड बघा म्हणून मी हे लिहायला बसलो नाही. या ब्लॉगच्या 'माझ्याविषयी' पानावर इतकी वर्षं एक वाक्य होतं: 'कोणाच्याही मदतीशिवाय, शेतात एकट्यानं सराव करून घडलेला फॉरवर्ड.' ते आज खोडलं. तिथे आता असं आहे: 'आमच्या गोलला आडवा खांब नव्हता, दिगंबर होता. त्याला चाचणीला बोलावलं होतं. मी ते त्याला सांगितलं नाही.'