अर्धी राहिलेली प्रदक्षिणा

पोट लहान करण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावल्या: वाटीभरच जेवा आणि रोज चाला. हरिहरेश्वरला आमची घरगुती खानावळ आहे. दिवसभर लोकांच्या पानात मोदक आणि घावन वाढायचे आणि आपण चमच्या-चमच्याने वरणाचं पाणी प्यायचं, त्यापेक्षा चालणं सोपं जाईल असं मला वाटलं होतं. कसलं सोपं!

सुरुवात अंगणातच केली. तुळशीपासून विहिरीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मुलाने मुंबईहून गुलाबी बूट पाठवले होते, ते मी साडीवर घालायची. शेजारणीने कुंपणावरून विचारलं, "एवढी नटून कुठं चाललीस गो?" म्हटलं, "विहिरीवर." सासूबाई पडवीत बसून फेऱ्या मोजायच्या. मी बारा झाल्या म्हटलं की त्या मान वर न करता म्हणायच्या, "नऊ." मला राग यायचा, कारण नऊच झालेल्या असायच्या.

दीड-दोन महिन्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने फोनवर सांगितलं, आता तासभर चाला, आणि रोज ठरलेल्या वेळीच चाला. मी म्हटलं, समुद्राला विचारून सांगते. आमच्या किनाऱ्यावर चालायला बरी अशी घट्ट वाळू फक्त ओहोटीला मिळते आणि ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते. त्याचा हिशेब सासूबाईंकडे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. हे सगळं त्या बोटांवर करतात. अष्टमीला म्हणाल्या, "आज बाराला ओहोटी हाय. जा, भाजून ये." मी गेले आणि खरंच भाजून आले.

पण वाळूवर चालणं हे निमित्त होतं. माझा डोळा प्रदक्षिणेवर होता.

देवळामागच्या डोंगराला आमच्याकडे प्रदक्षिणा घालतात. पायऱ्या चढून वर जायचं, मग दोन कड्यांमधल्या अरुंद गल्लीतून उभ्या पायऱ्यांनी थेट समुद्रापर्यंत उतरायचं आणि खडकांवरून वळसा घालून देवळात यायचं. ओहोटी असेल तरच. आणि एकदा सुरू केली की अर्ध्यातून मागे फिरायचं नाही. अकरा वर्षांपूर्वी मी फिरले. वरपर्यंत कशीबशी पोहोचले आणि खालची गल्ली पाहिली. एवढ्या अंगाने आपण मध्येच अडकू आणि मागची सगळी माणसं खोळंबतील, या भीतीने मी पायरीवर बसकण मारली. सासूबाई दर सोमवारी प्रदक्षिणा घालणाऱ्या. त्या निम्मी गल्ली उतरल्या होत्या. तिथून त्या परत चढून वर आल्या, "चल" एवढंच म्हणाल्या आणि माझ्याबरोबर आल्या वाटेने खाली उतरल्या.

त्यानंतर त्या प्रदक्षिणेला गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. मी मनाशी धरून बसले की माझ्यासाठी परत चढाव्या लागलेल्या त्या पायऱ्यांनीच त्यांचे गुडघे गेले. मी मात्र अकरा वर्षं पाहुण्यांना ऐटीत सांगत होते, "गल्लीत डाव्या हाताने दगड धरा हां." जणू मी कालच जाऊन आले होते.

यंदाच्या थंडीत एका सोमवारी तृतीया आली. सासूबाईंनी बोटांवर हिशेब केला. "सव्वाआठला ओहोटी. वाळूवरच जाणार ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलले. पुन्हा मागे फिरावं लागलं असतं तर निदान त्यांना तरी ते कळायला नको होतं.

पायऱ्या चढताना दोनदा थांबले. वर पोहोचले तेव्हा छाती धडधडत होती, पण ती चढल्याने की भीतीने, हे कळायला मार्ग नव्हता. गल्ली तशीच होती. उतरू लागले. साडी दगडाला घासत होती, मी नव्हते. मध्यावर दोन्ही बाजूंना चांगली जागा उरते हे पाहिलं आणि एकटीच हसले. मागून येणाऱ्या बाई म्हणाल्या, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, जागा आहे." आणि हो, दगड डाव्या नाही, उजव्या हाताने धरायचा असतो. अकरा वर्षांच्या पाहुण्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

घरी आले तेव्हा बूट चिंब भिजलेले होते. सासूबाईंनी आधी ते पाहिले.

"वाळूवर एवढे न्हाय भिजत," त्या म्हणाल्या. "पुरी केलीस?"

"केली." मग इतकी वर्षं मनात धरलेलं बोलून टाकलं. "आई, तेव्हा माझ्यामुळे तुमचे गुडघे गेले."

त्या पडवीतल्या खांबाला टेकल्या. "तेव्हा गुडघ्यांना काय पन झालं नव्हतं. मी एकटी जात राहिली असती तर तू दर सोमवारी दारात तोंड पाडून उभी राहिली असतीस. म्हनून सोडली. आता दुखतात ते खरे."

मला रडू आलं. आवरलं नाही. माझी लाज झाकायला या बाईने अकरा वर्षं आपली सोमवारची प्रदक्षिणा सोडली होती आणि मी त्यांच्या फेऱ्यांच्या मोजणीवर चिडत होते.

त्यांनी मला रडू दिलं. मग पुन्हा बोटांवर मोजायला लागल्या.

"आता माझ्या वाटची कर," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीची निम्म्या गल्लीपासून पुढची राहिली हाय. उद्या ओहोटी नऊला."