गोठ्यातलं लग्न आणि माझा उजवा हात

लग्नघरात आधी काय साठतं? इतरांकडे आहेर साठत असतील. आमच्या इंग्लंडमधल्या, मिल्टन कीन्सच्या गॅरेजमध्ये जॅमच्या रिकाम्या बरण्या साठल्या, आणि बरण्यांबरोबर किस्से. बरण्या नंतर रिसायकलिंगला गेल्या. किस्से कुठल्या बिनमध्ये टाकायचे ते कौन्सिलचं पत्रक सांगत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा. मला तेव्हा आलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी कान-नाक-घशाचा सर्जन होतो. कानातलं तांदळाएवढं हाड मायक्रोस्कोपखाली बसवणं, हे माझं आयुष्यभराचं काम. निवृत्त झालो, आणि गेल्या हिवाळ्यात उजवा हात थरथरायला लागला. माझ्या वडिलांना कंपवात होता. त्यांचाही उजव्या हातापासूनच सुरू झाला होता. माझा हात काम करतानाच थरथरतो, म्हणजे कदाचित तो आजार नसेलही, असं पुस्तकं म्हणतात. पण घाबरलेल्या डॉक्टरच्या लेखी पुस्तकं दुसऱ्यांसाठी असतात.

आमच्या एकुलत्या एक लेकीचं, रेवाचं लग्न जूनमध्ये ठरलेलं. तोवर कोणाला कळू द्यायचं नाही, बायकोलाही नाही, आणि लग्न झालं की जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे जायचं, असं मी ठरवलं. बरोबर ठरवलं का? माहीत नाही. एखाद्या पेशंटनं असं केलं असतं, तर मी त्याला झापलं असतं.

*

रेवा आणि तिचा बेन, दोघंही शाळेत शिकवतात. बजेट बेताचं, आणि आमच्याकडून काही घ्यायचं नाही हा हट्ट. म्हणून हॉटेल नाही, एका शेतावरचं जुनं बार्न. सजावट सगळी हातानं करायची. ‘हँडमेड’ हा शब्द रेवा दिवसातून दहा वेळा म्हणायची, आणि दहाही वेळा माझा हात खिशात जायचा.

कऱ्हाडला माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, फोन केला.

“हॉल कुठला घेतलास रे?”

“हॉल नाही अक्का, बार्न.”

“म्हणजे?”

मला ऐनवेळी दुसरा शब्द सुचेना. म्हटलं, “गोठा.”

अक्का अगदी हळू आवाजात, “तिकडे इतके वाईट दिवस आलेत का रे? मी काही पाठवू का?”

मी समजावलं. म्हटलं, इथे ही फॅशन आहे, याला रस्टिक, म्हणजे गावठी थाट म्हणतात, त्यासाठी मुलं वर्ष वर्ष आधी नंबर लावतात.

“बरं बाबा,” अक्का म्हणाली. “मग त्या दिवशी गाईंची सोय कुठे केलीय?”

*

रेवा लहान असताना माझी बायको सुधा लोणच्याच्या, जॅमच्या बरण्या धुऊन त्यात डाळी भरायची. मैत्रिणी घरी आल्या की रेवा त्या कपाटात लपवायची. “आई, इट्स सो एम्बॅरसिंग!”

त्याच रेवाचा मेसेज आला. शंभर बरण्या हव्यात, टेबलांवर फुलं ठेवायला. गळ्याला सुतळी बांधून.

सुधा म्हणाली, “आम्ही केला तो चिकटपणा, हिनं केली की थीम!”

सुतळी बांधायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या बरणीला दहा मिनिटं लागली. सुधा मटार सोलता सोलता बघत होती.

“अहो, जन्मभर टाके घातलेत ना? एक गाठ बसेना?”

“सुतळी जाड आहे,” मी म्हणालो.

“बरं झालं, तुमच्या पेशंटना भूल दिलेली असायची!”

मी हसलो. उठून गॅरेजमध्ये गेलो आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

*

जेवणाच्या टेबलांवर पाहुण्यांच्या नावांची कार्डं ठेवायची होती. ऐंशी. “बाबा, तुझा हँडरायटिंग बेस्ट आहे, तूच लिही ना!” रेवानं गठ्ठाच आणून दिला.

मी पाच लिहिली. प्रत्येक अक्षर भूकंपातून बाहेर आल्यासारखं. ती पाचही मी वर्तमानपत्राखाली दडवली. ती नेमकी रेवाला सापडली. रेवा कार्डं हातात घेऊन बघत राहिली. मला वाटलं, संपलं. कळलं हिला.

“ओ माय गॉड, बाबा! हा अक्षर कसा केला तू? सो रस्टिक!”

मग दोन आठवडे मी कार्डं लिहीत होतो. एका सकाळी काय झालं कोण जाणे, हात अगदी शांत होता. बारा कार्डं सरळसोट, पूर्वीसारखी आली. मी ती पुन्हा पुन्हा बघितली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी रेवानं बाराही परत केली. “बाबा, हा कार्ड खूप नीट आला. प्रिंटेड वाटते. परत कर ना, तो शेकीवाला, हललेला!”

*

बेनचे वडील, ग्रॅहम, निवृत्त सुतार. आठवड्याला साधारण वीस शब्द बोलतात. पेन्सिलची रेघ न मारता फळी अशी कापतात की बघत राहावं. तसले स्थिर हात मी ऑपरेशन थिएटरमध्येही फार बघितले नाहीत. जुन्या फळ्यांची बाकं ते करणार होते, आणि दर शनिवारी मी मदतीला जायचं ठरलं.

पहिल्याच शनिवारी त्यांनी मला फळीचं टोक धरायला सांगितलं. फळी टेबलावर तडतड वाजायला लागली. ग्रॅहमनी फळीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. भिंतीवरचा क्लॅम्प काढला आणि माझं टोक त्यात आवळलं.

“जुनं लाकूड,” ते म्हणाले. “चहा?”

चहाचा मग आला तो अर्धाच भरलेला. पुढच्या शनिवारीही अर्धा. त्यांचा मात्र काठोकाठ! मी घरी येऊन सुधाला सांगितलं.

“अर्धा? चहात सुद्धा बजेट!” म्हणाली, आणि तिसऱ्या शनिवारी तिनं मला आल्याच्या चहाचा मोठा थर्मास भरून दिला.

ग्रॅहमनी थर्मास उघडला, वास घेतला, खूश झाले. आपला मग काठोकाठ भरला. नंतर माझा घेतला आणि आमच्याच थर्मासमधला आमचाच चहा त्यात ओतला.

अर्धा!

*

लग्नाच्या महिनाभर आधी आम्ही सगळे बार्न बघायला गेलो. ग्रॅहम शिडीवर चढून पताका टांगत होते. सुधाच्या जुन्या साड्यांचे त्रिकोण कापून रेवानं त्या शिवल्या होत्या. दारातून वारा येत होता आणि त्या जीव खाऊन फडफडत होत्या.

“अहो, ह्या टिकणार आहेत का?” सुधानं मला विचारलं. बार्नच्या मालकीणबाईंना भाषा कळली नाही, पण नजर कळली. “बार्न आहे,” त्या म्हणाल्या. “वारा असतोच.”

लंडनच्या एजवेअरहून गुरुजी आले होते. सोमवार ते शुक्रवार आयटी, शनिवार-रविवार वैदिक. त्यांनी ‘छोटासा होम’ म्हणताच मालकीणबाईंनी बसायला रचलेल्या गवताच्या पेंढ्यांकडे बघितलं, आणि एक फॉर्म आणला. होम अंगणात, शेजारी वाळूची बादली, असं ठरलं. फॉर्मवर प्रश्न होता, ‘आगीचा उद्देश’. गुरुजींनी थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘साक्षीदार’.

इथपर्यंत मजाच होती. मग गुरुजींनी विचारलं, “अंतरपाट कोण धरणार?”

एक टोक रेवाच्या मामानं धरायचं होतं. पण मामाचा व्हिसा नाकारला गेला होता.

“मग दोन्ही वडील धरतील,” गुरुजी म्हणाले. “फोटो मस्त येतील!”

“मंगलाष्टकं किती वेळ चालतील?” मी विचारलं.

“शॉर्ट व्हर्जन ठेवू. सात-आठ मिनिटं.”

सात-आठ मिनिटं, हात पुढे करून, ऐंशी माणसांच्या डोळ्यांसमोर! रेवा माझ्याकडे बघून इतकी हसली, की नाही म्हणायचं राहूनच गेलं.

*

मी बाथरूममध्ये टॉवेल धरून सराव केला. बाहेरून सुधा, “अहो, आत कपडे झटकताय का?”

पाठ धरल्याचं सोंग करावं, असाही विचार केला. रेवाला मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. तीन पदव्या आणि एक फेलोशिप, पण मुलीला पाठवण्याजोगं एक वाक्य जमेना. तिच्या लग्नाच्या फोटोत लोकांनी तिच्याकडे बघावं की माझ्या हाताकडे?

*

जूनचा तो दिवस कमालीचा उकाड्याचा निघाला. झाडाचं पान हलत नव्हतं. मालकीणबाईंनी सगळी दारं सताड उघडली, तरी लोक माझी शेकी कार्डं हातात घेऊन वारा घालत होते.

ग्रॅहम आखूड झालेल्या कुर्त्यात आले. आम्ही दोघांनी अंतरपाट धरला. एका बाजूला रेवा, दुसऱ्या बाजूला बेन. गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीलाच माझं टोक थरथरायला लागलं. मी घट्ट धरलं. आणखी वाढलं. कापडावरचं कुंकवाचं स्वस्तिक डुगडुगायला लागलं. पुढच्या रांगेत सुधा. ती स्वस्तिकाकडे बघत होती. मग तिची नजर हळूहळू माझ्या बाजूला सरकायला लागली.

तेवढ्यात पलीकडचं टोकही थरथरायला लागलं.

माझ्याच लयीत. मी बघितलं. ग्रॅहम सरळ समोर बघत होते, चेहरा नेहमीसारखा, फळी कापतानाचा. आणि अंतरपाट या टोकापासून त्या टोकापर्यंत लहरत होता. सुधाची नजर मधेच थांबली, दाराकडे वळली.

दोन कडव्यांच्या मधे गुरुजी घाम पुसत म्हणाले, “अरे, हा वारा येतोय कुठून?” आणि ग्रॅहमना कळावं म्हणून तेच इंग्रजीतून विचारलं.

“बार्न आहे,” ग्रॅहम म्हणाले. “वारा असतोच.”

आमच्या डोक्यावर सुधाच्या साड्यांच्या पताका या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगलेल्या होत्या. त्यांतली एकही हलत नव्हती.