हिरवी खूण

औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात ते दर सोमवारी यायचे. जिन्यावर काठीची टकटक ऐकली की माझी बोटं कीबोर्डवर थांबायची. त्यांना दिसत नव्हतं. आमच्या वेबसाइट अंध माणसाला वापरता येतात का, हे ते तपासायचे. जाताना एक बाटली पाणी भरून न्यायचे. कुठल्याही कामाआधी म्हणायचे, "हां, बघू."

दुष्काळ होता. टँकरच्या वेळापत्रकाची साइट मी त्यांना न दाखवताच आठवड्यापूर्वी सुरू केली होती. वेळापत्रक म्हणून कागदाचा फोटोच टाकला होता. तपासणीचं सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोचं, अंधांना वाचून दाखवायचं, वर्णन मागतं, म्हणून सगळीकडं 'चित्र' एवढंच लिहिलं. सॉफ्टवेअरनं हिरवी खूण दिली.

"हां, बघू." त्या सोमवारी चाचपडत त्यांनी माझा स्क्रीनच बंद केला. "आमच्या गल्लीत पाणी कधी येणार, ते आता ऐकून सांग."

मी बटण दाबलं. साइट वाचून दाखवणारा आवाज म्हणाला, "चित्र." पुन्हा दाबलं. "चित्र."

ते रागावले नाहीत, याचीच जास्त भीती वाटली.

"टँकर कालच येऊन गेला," ते म्हणाले. "मला आज कळलं."

आणि पिशवीतून त्यांनी नेहमीच्या बाटलीशिवाय आणखी एक रिकामी बाटली काढून माझ्यापुढं धरली.