दोन नळ्यांची चूल

कौशल्यामावशी कोणाच्याही घरात शिरली की आधी वर पाहायची. घरची बाई "या, बसा" म्हणत असायची आणि मावशीची नजर कवेलूंवर, वाशांवर, माळ्यावर फिरत असायची. मान इतकी मागे टाकायची की डोक्यावरचा पदर खांद्यावर यायचा. "ही बाई माणसाशी बोलतच नाही, छपराशी बोलते," अशी तिची थट्टा व्हायची. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "जाळ खाली असते बापा, घात वर असते. माणसाले मंग पाहीन."

मावशी चुली बसवायची. आमचं गाव आदिलाबादपासून तासाभराच्या वाटेवर, तेव्हाच्या आंध्रात. सरकारनं घरोघर सिमेंटच्या तयार चुली वाटल्या होत्या, मागे सिमेंटचं धुराडं असलेल्या. दोन पावसाळ्यांत त्या तडकल्या आणि धूर पुन्हा बायांच्या डोळ्यांत जायला लागला. मग दुसरी योजना आली. त्याच चुलीच्या पोटात एक लोखंडी डबा बसवायचा, डब्याच्या मानेवर तीन नळ्या एकीत एक खोचायच्या आणि जुन्या धुराड्याच्या आतून थेट कवेलूच्या वर काढायच्या. हे शिकायला उटनूरला दहा दिवसांचं शिबिर झालं. गेलेल्यांत मावशी एकटी बाई होती. मी मंडल कार्यालयात या कामाचा बाबू होतो. नोकरी कच्ची, तोरा मात्र पक्का.

तिचं काम पाहत बसावं असं असे. डबा आणला की घरवाल्यांना वाटायचं, आता अर्ध्या तासात उरकलं. छे! मावशी आधी रिकाम्या चुलीत ओला पाला जाळायची आणि वर धुराड्याच्या तोंडावर भिजलेलं पोतं टाकायची. कोंडलेला धूर जिथून बाहेर येईल तिथं कोळशानं फुली मारायची. फुल्या जास्त झाल्या की म्हणायची, "ह्या चुलीत डब्बा नाही बसत. पह्यले चूल बदला." मग घरमालक चिडायचा, मी चिडायचो, आणि मावशी शांतपणे हात धुवायची. नळी माळ्यातून जाते तिथं चारी बाजूंनी एक वीत जागा मोकळी हवी, भोवती पत्र्याची थाळी हवी, तिथं पऱ्हाटीच्या काड्या नको, कापूस नको. शेवटी स्वतः चूल पेटवून मागच्या भिंतीवर तळवा टेकून बसायची. हात भाजला तर सगळं काढून पुन्हा.

"मावशी, एवढं कोण पाहते?" मी विचारायचो.

"जाळ पाहते ना," ती म्हणायची. "त्याले काय तुहा रजिस्टर वाचता येते?"

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मावशी आणि मी दोघंही बौद्धवाड्यातले. आमच्या आया गावातल्यांची शेतं निंदायला जायच्या, अंगणात बसून भाकर खायच्या. घराच्या आत, त्यातही चुलीपाशी, जाण्याचा प्रश्नच नव्हता. आणि आता त्याच घरांतून निरोप यायचे, "कौशल्याबाईले पाठवा, तिच्याशिवाय दुसऱ्याचा हात नको चुलीले." काल-परवापर्यंत जिला सगळे "ए कौशे" म्हणायचे, तिला "बाई" लागलं. ती लोकांच्या चुलीसमोर मांडी घालून बसायची, हातानं माती थापायची आणि तिथंच कपातून चहा प्यायची. पहिल्यांदा असा चहा मिळाला त्या दिवशी ती मला वाटेत थांबवून म्हणाली, "बाबू, आज कप धुवाले नाही सांगतलं मले." बस, एवढंच. पण ती तेव्हा हसली ते मी विसरलेलो नाही.

आणि हे सगळं मी घालवलं.

झालं असं की साहेबांचा मुआयना, म्हणजे तपासणी, शुक्रवारी ठरला. यादीत अकरा घरं होती, दहा झाली होती. अकरावं विठाबाई माळणीचं. तिथं नळ्या आल्या दोनच, तिसरी कमी पडली. साहेब तेलुगूतून एकच प्रश्न विचारायचे, "ऐपोयिंदा?" म्हणजे झालं का? 'नाही' म्हणायची माझी छाती नव्हती. मी मावशीला म्हटलं, "दोन नळ्या घाल, सिमेंटच्या धुराड्यावर टोपी ठेव. खालून कोणाले दिसते?"

"दोन नळ्यात होत नाही बाबू. नळी आतच संपली तं जाळ तडकलेल्या धुराड्यातून माळ्यात शिरन. अन् विठाबाई माळ्यावर कापूस ठेवते."

"आत्ता कुठं कापूस आहे? मुआयना होऊ दे, मग लावू तिसरी."

"तिसरी येऊ दे, मंग लावू दुसरी," ती म्हणाली, थापी पिशवीत टाकली आणि चालू लागली.

मला राग आला. खरं सांगतो, राग आला तो आपल्याच वाड्यातल्या निरक्षर बाईनं मला, दहावी पास बाबूला, नाही म्हटलं याचा. गुरुवारी दुपारी मीच विठाबाईकडे गेलो, बाही वर केली, डबा सरकवला, दोन नळ्या खोचल्या, भेगांवर माती थापली आणि वर टोपी चढवली. विठाबाई वांग्यांच्या वाडीतून आली. तिनं चुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "कौशल्याबाईनं पाह्यली का?"

मी म्हणालो, "तिनंच बसवली. पेटव बिनघोर."

शुक्रवारी साहेब आले, अकरा चुली पेटलेल्या पाहून खूश झाले. आठवड्यात तिसरी नळी आली. ती माझ्या टेबलामागे भिंतीला टेकवलेली असायची. रोज ऑफिसात शिरताना दिसायची. रोज म्हणायचो, उद्या लावून टाकू. पण मावशीला सांगावं तर चोरी उघडी पडते, आणि विठाबाईला सांगावं तर खोटं. काढून घातली असती तर दोन तासांचं काम होतं हो! मी ते दोन तास काढले नाहीत. मग वेचणी सुरू झाली आणि विठाबाईच्या माळ्यावर कापूस चढला.

भर दुपारी पेटलं. विठाबाई चुलीवर डाळ ठेवून वाडीत गेली होती. लोकांनी विहिरीवरून घागरी आणल्या, पण कापूस तो, त्याला काय विझवता! अर्धं छप्पर आणि सगळा माल गेला. जीव कोणाचा गेला नाही, पण कापूस ओढून काढताना विठाबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दुसऱ्या दिवशी पंचनामा. साहेब, मी, पंच, सारा गाव. मावशीलाही बोलावलं होतं. साहेबांनी विचारलं, चूल कोणी बसवली? विठाबाई, हाताला चिंध्या गुंडाळलेली, म्हणाली, "कौशल्यानं. ह्या बाबूनंच सांगतलं मले."

साहेब माझ्याकडे वळले. "हौ क्या?"

मी म्हणालो, "जी."

मावशी माझ्यापासून चार हातांवर उभी होती. तिनं एक काडी घेतली, राखेतून ती दोन लोखंडी नळकांडी बाजूला सारली, आणखी थोडं उकरून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आता बोलेल, आता बोलेल असं मला वाटत होतं. ती बोलली नाही. कागद पुढे केला तेव्हा शिबिरात नुकतीच शिकलेली सही तिनं केली, एकेक अक्षर थांबून थांबून. कागद मीच धरला होता.

त्या आठवड्यात बायांनी घराघरांतले डबे उपटून उकिरड्यावर फेकले, मावशीनं नीट बसवलेलेसुद्धा. ती पुन्हा निंदायला जायला लागली. पुन्हा "ए कौशे" झाली. माझी नोकरी पक्की झाली आणि बदली आदिलाबादला. मी तिथं घर बांधलं, मुलं शिकवली. गावी गेलो की तिच्या घरावरून जायचं टाळायचो. लांबच्या वाटेनं जायचो, आणि बायकोला सांगायचो की तिकडून सावली आहे. लाज वाटत होती म्हणावं, तर लाज वाटणाऱ्या माणसानं इतकी वर्षं काढली असती का? पण वाटत होती. अजून वाटते.

मावशीचं खरं नाही असं कळलं तेव्हा मात्र गेलो. त्या भेटीनंतर महिनाभरानं ती वारलीच. मी गेलो तेव्हा खाटेवर पडली होती, हाताच्या काड्या झालेल्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं, नळी, मातीचे हात, विठाबाईला मारलेली थाप. सांगताना रडलो. ती ऐकत होती.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ती म्हणाली. "राखेत दोनच नळ्या होत्या. अन् दोन नळ्यांची चूल म्या जिंदगीत बसवली नाही."

"मंग बोलली काऊन नाही मावशी?"

"मले वाटलं तू बोलशीन. लेकरू भेलं असन, आज नाही तं उद्या बोलन. म्या वाट पाह्यली बापा. दोन-तीन वर्सं तं रोज पाह्यली."

मी उठलो. "आत्ता जातो विठाबाईकडं. तिच्या पायावर डोकं ठेवून सांगतो."

"खाली बस," ती म्हणाली. "विठाबाई गेली मागच्या उन्हाळ्यात. मी तिच्या मातीले गेली होती. तिची सून दारात आडवी आली. म्हणे, हिले आत येऊ देऊ नका, हिनंच आमचं घर जाळलं. म्या रस्त्यावरूनच हात जोडले अन् वापस आली."